चिंचेखाली चार दांड्या

"मग कोणतं कार्ड घ्यायला हवं होतं मी?"

केदारी मास्तरांनी उभ्यानंच विचारलं. पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या.

मुरादबाबा ओट्यावर बसून तांदळातले खडे निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "बसा."

"बसायला आलो नाही."

"मग चपला काढून उभे राहा."

मास्तरांनी चपला काढल्या.

प्रश्न आठ महिन्यांचा होता. बातमी आली तो एक साधा गुरुवार होता. मास्तर तालुक्याला प्रशिक्षणासाठी गेले होते. मुलांची हजेरी मोबाइलवर कशी भरायची ते तिथं शिकवत होते. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी डबा उघडला. मेथीच्या भाजीत मीठ जरा जास्त पडलं होतं. घरी गेल्यावर शैलाला सांगू, असं मनात आलं, तेवढ्यात फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. पलीकडे शेळ्या राखणारी सखूबाई होती. ती आधी रडली, मग बोलली.

तांबडवाडी डोंगराच्या खळग्यात आहे. गावात कुठल्याच कंपनीची रेंज येत नाही. फोन करायचा तर पिराच्या माळावर चढायचं. माळावर एक जुनी चिंच, चिंचेखाली दगडी ओटा, ओट्यावर मुरादबाबा हा म्हातारा फकीर.

छातीत दुखायला लागलं तेव्हा शैलाबाईही माळ चढल्या. नवऱ्याला फोन लावायला. सखूबाईला त्या वाटेवर पडलेल्या दिसल्या. हातात मोबाइल होता. त्यावरून मास्तरांचा नंबर अकरा वेळा फिरवलेला होता.

एकदाही लागला नव्हता.

लागणार नव्हताच. त्याच सोमवारी मास्तरांनी घरातले दोन्ही नंबर नव्या कंपनीकडे वळवले होते. खालच्या गावात, शाळेपाशी, तिचं नेट झकास चालायचं. नंबर तोच राहतो, बदलते ती फक्त कंपनी, हे त्यांनी बायकोला फळ्यासमोर उभं राहून सांगावं तसं सांगितलं होतं.

"जुनंच असू द्या की," शैलाबाई म्हणाल्या होत्या. "त्याला माळावर रेंज आहे."

"माळावर राहतं कोण? एक फकीर."

यावर दोघंही हसले होते.

आज पुन्हा गुरुवार होता. चिंचेमागे नवस फेडायला आलेल्यांची जीप उभी होती. दर गुरुवारी असते. माणसं पिराच्या कबरीपाशी होती. ओट्यावर हे दोघंच.

"नशीब म्हणू नका," मास्तर म्हणाले. "पिराची मर्जी म्हणालात तर उठून जाईन."

"उभेच आहात."

"बाबा, थट्टा नको."

"नाही म्हणत नशीब. पुढं बोला."

मास्तर ओट्याच्या कडेला टेकले. पिशवीतून कागदाची गुंडाळी काढून त्यांनी ती तांदळाच्या सुपाशेजारी पसरली. वाऱ्यानं उडू नये म्हणून एका कोपऱ्यावर बाबांचा पाण्याचा तांब्या ठेवला.

गावाचा नकाशा होता. घरं, विहीर, चावडी, देऊळ, वाटा. प्रत्येक जागी दोन आकडे. लाल आकडा नव्या कंपनीचा, निळा जुन्या कंपनीचा.

"दोन मोबाइल घेऊन आठ महिने हिंडलो. पावला-पावलावर थांबून रेंजच्या दांड्या मोजल्या. गावात सगळं शून्य. लाल शून्य, निळं शून्य. आता इथं बघा. हा तुमचा ओटा. लाल शून्य. आणि निळ्या...?"

बाबा वाकले. "किती?"

"चार. चार दांड्या, बाबा! जुनं कार्ड असतं तर पहिल्याच खेपेला फोन लागला असता. मी तालुक्याहून लगेच गाडी धाडली असती. डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणलं असतं तर..."

डॉक्टरांनीही ते वाक्य तिथंच सोडलं होतं.

बाबांनी एक खडा निवडून बाजूला टाकला.

"आता काय करणार?"

"बाजारात छत्री लावून जुन्या कंपनीचा माणूस बसलाय. त्याच्याकडे परत वळवणार. माझा नंबर लगेच होईल म्हणतो. तिचा होणार नाही."

"का?"

"कार्ड तिच्या नावावर आहे. त्यांना घेऊन या, म्हणाला."

"तुम्ही काय म्हणालात?"

"बरं म्हणालो."

माळाच्या टोकाला कुणीतरी चढून आलं होतं. चिंचेच्या बुंध्यामुळे ओट्यावरून ती वाट दिसत नाही. फक्त आवाज आला.

"हॅलो! दोन नाही, दहा! दहा पोती! अरे दहा रे, हाताची बोटं किती?... हॅलो! ऐकू येतंय का?"

"हा भिकाजी," बाबा म्हणाले. "मागच्या खेपेलाही दोनच पोती आली त्याला."

मास्तरांच्या कपाळावर आठी पडली. "तुम्हाला या आरडाओरड्याचा त्रास होत नाही?"

"सवय झाली. कुणाचं लग्न मोडलं, कुणाच्या म्हशीनं लाथ मारली, कंपनीच्या आधी मला कळतं." बाबांनी सूप हलवलं. "सुरुवातीला मी उत्तर द्यायचो."

"कसलं उत्तर?"

"ते ओरडायचे, ऐकू येतंय का? मी इथून ओरडायचो, येतंय, येतंय!"

मास्तरांना नको असताना हसू आलं.

"चिडायचे हो. बाबा, तुम्हाला नाही विचारलं, म्हणायचे. मग सोडून दिलं."

भिकाजीचा आवाज लांब गेला. तो माळ उतरला असावा.

मास्तरांचं हसू गेलं.

"इतकी वर्षं मी इथं आलो तो तुमच्याशी वाद घालायला. गाव तुमच्याकडे निवाडा मागायला येतं, मी त्यांना हसायचो. आज मीच मागतोय. सांगा, चूक कुणाची?"

"तुम्ही मोजलंय. तुम्हीच सांगा."

"माझी."

"मग मला कशाला विचारता?"

"कुणीतरी तोंडावर म्हणावं म्हणून!" मास्तरांचा आवाज चढला. "सगळे म्हणतात, मास्तर, तुमचा काय दोष. पोरी फोनवर म्हणतात, बाबा, तुम्ही असं मनाला लावून घेऊ नका. मला ऐकवत नाही ते. मी शिकलेला माणूस आहे. तिनं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, ती गेली. एवढं सरळ गणित आहे. कुणीच कसं म्हणत नाही? तुम्ही म्हणा. म्हणा की, मास्तर, तुमच्या कार्डानं मास्तरीणबाई गेली."

बाबांनी सूप बाजूला ठेवलं. हात कफनीला पुसले.

"ती पेन्सिल द्या."

"कोणती?"

"निळी."

मास्तरांनी दिली. बाबांनी नकाशा स्वतःकडे ओढला. तांब्या कलंडला, पाणी ओट्यावर सांडलं. ते त्यांनी सांडू दिलं. ओट्याच्या जागी मास्तरांनी लिहिलेल्या चारवर त्यांनी एक आडवी रेघ मारली. मग सावकाश, लहान मूल काढतं तसं, शेजारी एक गोल काढला.

"हे काय केलंत?"

"शून्य. एवढंच लिहिता येतं मला."

"चुकीचं आहे ते!" मास्तर उठले. "इथं चार दांड्या आहेत. एकदा नाही, वीस वेळा मोजल्यात. सकाळी, दुपारी, पावसात. तुम्ही वडीलधारे आहात, पण खोटा आकडा मी ठेवणार नाही. माझं समाधान करायला नकाशा बिघडवू नका."

"समाधान करत नाही."

"मग खोडा तो."

"यंत्राचं तुम्ही लिहिलंत. या ओट्याचं मी लिहिलं."

"बाबा, मला कोडी नकोत."

"कोडं नाही." बाबा नकाशाकडेच बघत होते. "मास्तरीणबाई कुठं सापडली म्हणाली सखू तुम्हाला?"

"वाटेवर. इथून तीस पावलं खाली."

"ती खाली उतरताना पडली."

"म्हणजे?"

"आधी वर आली होती. बुंध्याच्या पलीकडे उभी होती."

"तुम्ही पाहिलंत?"

"नाही. इथून दिसत नाही."

मास्तरांनी बुंध्याकडे पाहिलं. चार पावलांवर होता.

"मग कसं कळलं तुम्हाला?"

"ओरडत होती. ऐकू येतंय का, म्हणत होती."

जीपमागून कुणीतरी ड्रायव्हरला हाक मारली. ड्रायव्हर जेवत असावा. आलो, आलो, म्हणाला.

"जीपही होती," बाबा म्हणाले. "गुरुवार होता."

मास्तरांच्या हातातला नकाशाचा कोपरा ओला झाला होता. निळा रंग त्यांच्या बोटांना लागला होता.

"आठ महिने मी गावभर दांड्या मोजत हिंडतोय. तुम्ही रोज मला इथून बघत होतात."

"हो."

"कितीदा ओरडली ती?"

"तीनदा."

"आणि तुम्हाला ऐकू आलं?"

"तिन्ही वेळा."

"आणि?"

बाबांनी निळी पेन्सिल मास्तरांच्या समोर, ओल्या दगडावर ठेवली.

"मी उठलो नाही."