रस्त्याकडची रांग

मंडळी, आपली बाग चार दिवस दुसऱ्याच्या भरवशावर टाकायची झाली, तर कोणावर टाकाल? ज्याच्या हातून कधी चूक होत नाही त्याच्यावर? असा माणूस भेटला तर जरूर टाका. पण बाजारात निम्मं आयुष्य गेलेल्यालाही तो भेटत नाही. तेव्हा दुसरा कोणी शोधायला हवा. तो कसा ओळखायचा, ते ऐका.

संत्र्यांच्या मुलखात, नदीकाठच्या एका गावी अनसूयाबाईंची बाग होती. झाडं अशी निगुतीनं राखलेली की परगावचे व्यापारी म्हणायचे, "फळ न बघता सौदा करावा तर या बाईंशी." त्या घरात एक रीत होती. दरवर्षी वसंत पंचमीला बागेला पहिलं पाणी सोडायचं, आणि पाटाचं तोंड घरच्या बाईनं फोडायचं. त्यासाठीचं फावडं ओसरीवर टांगलेलं असे. ते अनसूयाबाईंना त्यांच्या सासूनं दिलं होतं. सासूला तिच्या सासूनं.

अनसूयाबाईंची सून सगुणा. माहेरी शेत ना वाडी. ती लग्न होऊन आली तेव्हा गावातल्या बायका म्हणाल्या होत्या, "जिनं तुळशीपलीकडे झाड लावलं नाही, ती बाग काय राखणार!" सगुणानं ते ऐकलं, आणि कामाला लागली. आळी कशी करायची, वाळकी फांदी कुठून कापायची, बुंध्याला चुन्याचा पट्टा कधी ओढायचा, सगळं ती बघून बघून शिकली. आणि त्या सालच्या मार्गशीर्षात सासू म्हणाली, "सगुणे, माझी कंबर आता वाकत नाही. पंचमीला फावडं तुझ्या हाती देईन म्हणते."

सगुणाला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

पण पुढच्याच आठवड्यात लेकीच्या बाळंतपणाचा निरोप आला आणि अनसूयाबाईंना जावं लागलं. सगुणाचा नवरा तर कापसाच्या गाड्या घेऊन हंगामभर परगावी. गाडीत बसता बसता सासूनं सांगितलं, "बागेचं पाणी तोडलंय. झाडं मलूल होतील, पानं पिवळी पडतील, गळतीलही. तुझा जीव तुटेल. पण मी येईपर्यंत थेंब द्यायचा नाही. झाड सुखात असलं की नुसती पानं वाढवतं. तहानलं की मग त्याला फुलाची आठवण होते."

बागाईतदार याला ताण देणं म्हणतात. थंडीत झाड उपाशी ठेवायचं, मग खतपाणी द्यायचं, की अंगभर फुलं येतात.

सगुणानं मोट आवरून ठेवली. पौष लागला. झाडांनी माना टाकल्या. बागेला लागूनच बाजाराचा रस्ता. येणारे जाणारे थांबून बघायचे.

"काय गं सगुणे, सासू गावाला गेली म्हणून झाडांनी सुतक धरलं का?"

"अगं, घागरभर तरी ओत! का पोहरा जड होतो?"

"असू द्या हो, यंदा सरपणाची सोय झाली हिची."

सगुणा हसून साजरं करी. घरात येऊन मात्र तिला घास उतरत नसे. अंगावर घेतलेलं ओझं उतरवता येतं, कानावर पडलेलं उतरवता येत नाही. एका बाजाराच्या दिवशी तिला सोसवेना. तिनं पहाटे बैल जुंपले, मोट हाकली, आणि रस्त्याकडच्या रांगेला सकाळभर पाणी पाजलं. तेवढीच एक रांग. म्हटलं, लोकांची तोंडं तरी बंद होतील.

तोंडं बंद झाली. पण आठ-पंधरा दिवसांत त्या रांगेनं पानं टवटवीत केली. मागची सगळी बाग पिवळी आणि पुढची रांग हिरवीगार! आंधळ्यालाही कळावं असं. तेवढ्यात सासूचा निरोप आला, पंचमीला येते.

शेजारच्या बागेत झिंगराजी होते. मोठे गप्पिष्ट. पंचमीच्या आदल्या दिवशी त्यांनी कुंपणावरून हाक मारली, "सुनबाई, घाबरतेस कशाला? मी काय करतोय बघ." बघते तर झिंगराजी झाडाची पानं मुठीमुठीनं ओरबाडत होते. "झाडांमध्ये मेथी पेरली होती. मेथीबरोबर झाडंही पाणी प्यायली. उद्या आमच्या घरचे थोरले दादा बाग बघून पाणी सोडायला येतील. त्यांना काय, झाड बोडकं दिसलं की झालं! तूही ओरबाड. झाडाला थोडीच वाचा आहे?"

सगुणा रांगेतल्या पहिल्या झाडापाशी गेली. एक फांदी धरली आणि पानं ओरबाडली. हाताला हिरवा, कडवट वास लागला. फांदी उघडी पडली, पण तिची साल रसरशीत होती. सगुणा तिथेच थबकली. उद्या आत्याबाई याच फांदीकडे बघून म्हणतील, तहानली बिचारी, आणि पाणी सोडतील. म्हणजे मी सासूला फसवणार, आणि सासूच्या हातून झाडाला. तिनं पदराला हात पुसले. वास काही गेला नाही.

मंडळी, आमच्या बाजारात एक कापडवाला होता. गिऱ्हाईक आलं की आधी ठाणावरचा डाग दाखवायचा आणि मग भाव सांगायचा. शेजारचे दुकानदार त्याला हसायचे. पण गावातल्या लग्नांचा बस्ता बांधायला लोक त्याच्याकडेच जायचे, हेही तितकंच खरं.

पंचमीला गाडी दारात थांबली. सगुणा तांब्या घेऊन पुढे झाली.

"आत्याबाई, आधी पाणी प्या, मग बोला मला काय बोलायचं ते. रस्त्याकडच्या रांगेला मी पाणी दिलं. लोकांचं बोलणं सोसलं नाही. लपवायला एका फांदीची पानंही ओरबाडली. फावडं राहू द्या ओसरीवर. मी त्याच्या लायकीची नाही."

अनसूयाबाई पाणी प्यायल्या. तशाच त्या बागेत गेल्या. आळ्यातली माती उकरून पाहिली.

"किती पाजलंस?"

"अख्खी सकाळ."

"परत?"

"नाही."

"दुसऱ्या कुठल्या रांगेला?"

"तुमची शपथ, नाही."

"माझी शपथ कशाला घालतेस? मला अजून नातू खेळवायचाय," सासू म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली. "अगं, मग सोपं आहे. या रांगेची पंचमी पुढे ढकलू. इथे पाट बांधून टाक. हिला आणखी तहानू दे. बाकीच्यांना आज पाणी सोड."

असं म्हणून त्यांनी ओसरीवरचं फावडं आणवलं आणि सगुणाच्या हातात दिलं.

"मला?" सगुणाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तुलाच. माझी नजर आता अधू झाली. यापुढे तू सांगशील त्यावर मी बाग चालवणार. खोटं सांगणारी सून मला परवडायची नाही. चुकणारी परवडेल."

त्या दिवशी थोरल्या दादांनीही झिंगराजींच्या बागेत बोडक्या फांद्या बघून खुशीनं पाणी सोडलं.

महिन्याभरात अनसूयाबाईंची बाग पांढरीशुभ्र झाली. बाजाराच्या रस्त्यावर सुवास असा दरवळला की टोमणे मारणारेही चाल मंद करून जाऊ लागले. रस्त्याकडची रांग मागाहून फुलली. फुलं थोडी विरळ होती. चुकीची किंमत तेवढी तर पडणारच. पण फुलली. आणि झिंगराजींकडे फुलाचं नाव नव्हतं, नुसती कोवळी पालवी.

"बघा दादा, बाग कशी हिरवीगार आहे!" झिंगराजी म्हणाले.

"आहे खरी," थोरले दादा म्हणाले. "शेळ्या पाळायच्या का आता?"

तात्पर्य: कबूल केलेल्या चुकीवर उपाय सापडतो, झाकलेली चूक पालवीसारखी फुटून वर येते. म्हणून मंडळी, एवढी विनंती ऐका. हिशोब दुकानाचा असो, घराचा असो की झाडाच्या पाण्याचा, जे दिलं ते दिलं म्हणूनच मांडा आणि जे चुकलं ते चुकलं म्हणून.