घरपोच वाटा

एकदा एक रापण संघ मरायला टेकला होता. माणूस मरायला टेकला तर घरातले लोक गप्प होतात. संस्था मरायला टेकली की भाषणं सुरू होतात. इथेही तसंच चाललं होतं.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडी एका टोकाकडून निघते, समुद्रात अर्धगोल घेत जाळं टाकत जाते आणि पलीकडे किनाऱ्याला लागते. मग जाळ्याचे दोन्ही दोर वाळूत उभ्या असलेल्या माणसांनी ओढायचे. हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे, त्याला गाव लागतं. म्हणून गावाने संघ केला, आणि नियमही साधा केला: दोराला ज्याचा हात, त्याला मासळीचा वाटा. अपवाद एकच. ज्या घरचा माणूस अंथरुणाला खिळला आहे किंवा समुद्राने नेला आहे, त्या घरी वाटा घरपोच जायचा. त्या घरपोच वाट्याला गावात मोठा मान होता, आणि तो आपल्या दारात कधी न येवो अशी प्रत्येकाची प्रार्थनाही होती.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. त्या किनाऱ्यासमोर पाण्याखाली खडक आहेत. जाळं त्यांत अडकलं की एक पट्टीचा पोहणारा पाण्यात उतरतो आणि ते सोडवतो. तो खाली असेपर्यंत किनाऱ्यावरच्यांनी दोर ताणून धरायचा, जराही ढिला सोडायचा नाही. सोडला तर ओहोटी जाळं ओढून नेते आणि जाळं त्या माणसाभोवती गुंडाळलं जातं. त्याचा जीव खरोखरच इतरांच्या मुठीत असतो. या गावात ते काम रोहिदास करायचा. बोलायला कमी, हसायला पुढे असा माणूस. त्याची बायको जयवंती म्हणायची, ‘यांना पाण्याची भीती नाही, ती सगळी देवाने मला दिली.’

संघाचा मुख्य होता एक वृद्ध तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख. भिकाजी हे त्याचं नाव, पण सगळं गाव त्याला आबा म्हणे. आणि त्याचा शिष्य सर्वेश. पाण्याचा रंग कसा वाचायचा, वारा फिरणार हे कशावरून ओळखायचं, हे सर्वेश आबांकडे शिकला होता. संस्था कशी चालवायची हे शहरातल्या कॉलेजात. मुलगा हुशार, मनाचा स्वच्छ आणि संघासाठी जीव टाकणारा. ही माझी गोष्ट दुष्टाची असती तर किती सोपी झाली असती! पण संस्थांचं वाटोळं बहुतेक वेळा भल्या माणसांच्या उत्साहानेच होतं.

दोरावरची माणसं दरवर्षी कमी होत होती. कुणी हॉटेलात लागला, कुणी पर्यटकांना बोटीतून फिरवू लागला, कुणाला पहाटेची थंडी सोसेना. सर्वेश चिटणीस झाला आणि त्याने कंबर कसली. सभासद वाढवायचेच! त्याने संघाचं नाव छापलेले निळे टी-शर्ट वाटले. वार्षिक जेवण ठेवलं. मोबाइलवर ग्रुप काढला, त्यावर रोज सकाळी होडीचे फोटो आणि शुभेच्छा. तरी नावं हवी तशी वाढेनात. तेव्हा त्याला एक युक्ती सुचली, आणि ती मात्र अशी लागू पडली की विचारू नका. त्याने सभेत जाहीर केलं, ‘आजपासून प्रत्येक सभासदाचा वाटा घरपोच येईल. दोराला आलात तर उत्तम, नाही आलात तरी काळजी नको. संघ तुमचाच आहे!’

टाळ्यांचा कडकडाट झाला. महिन्याभरात अर्ध्याहून अधिक गाव सभासद झालं. वार्षिक सभेला मांडवात बसायला जागा पुरेना, सगळीकडे निळेच निळे. सर्वेश आनंदाने आबांपाशी गेला.

‘आबा, बघितलंत? संघ उभा राहिला!’

आबांनी मांडवभर नजर फिरवली. ‘नावां वाढली, झिला. हात किती वाढले?’

‘येतील हो हातही. आधी माणूस आपला तर होऊ दे.’

आबा पुन्हा त्या भरलेल्या मांडवाकडे बघू लागले.

पुढच्या काही दिवसांत जे व्हायचं ते झालं. आधी जे येत होते त्यांच्याही मनात आलं, शेजाऱ्याला घरबसल्या मिळतंय, मग आपण का हात सोलून घ्यायचे? एकेक जण गळू लागला. आणि एका सकाळी जाळं खडकात अडकलं. ओहोटी लागली होती. आबा म्हणाले, ‘माणसं कमी आहेत. जाळं गेलं तर जाऊ दे.’ पण जाळं गेलं असतं तर संघच बसला असता. रोहिदास हसला. ‘आबा, तुमी धरा. मी हो इलंय!’ हा आलोच, असं म्हणून तो पाण्यात शिरला.

सर्वेशने ग्रुपवर निरोप टाकला: ताबडतोब या. निरोप सगळ्यांनी वाचला. प्रत्येकाला वाटलं, एवढे सभासद आहेत, कुणीतरी जाईलच. कुणी नमस्काराचं चिन्हही टाकलं.

दोरावर होती ती मोजकी माणसं. त्यांनी टाचा वाळूत रोवल्या, दोर कमरेला गुंडाळला, तळव्यांची सालटी निघाली. सर्वेश सगळ्यांत पुढे होता. पण ओहोटी भरात आली आणि दोर त्यांच्या हातांतून सरकला. फार नाही, हातभर. तेवढा पुरला. जाळं रोहिदासवर आलं आणि त्याच्यासकट खडकांच्या मागे खोल पाण्यात जाऊन अडकलं.

गाव मग धावत आलं. काय उपयोग? होड्या खडकांजवळ जाऊ शकल्या नाहीत. लाटा उसळत होत्या. ओहोटीत जोर लावला तर जाळं फाटेल आणि देहही हाती लागणार नाही, म्हणून आबांनी दोर माडांना बांधून ठेवायला लावले. भरतीच्या पाण्यावर जाळं सुटण्याची आशा होती, पण पुढची भरती अंधारात येणार होती; उजेडातली भरती दुसऱ्या दिवशी सकाळीच मिळणार होती. जयवंती वाळूत बसली ती बसली. तिला आता एकच हवं होतं: नवरा घरी यावा. ज्या अवस्थेत असेल त्या अवस्थेत.

सकाळ झाली. सुरूच्या झाडांखाली सगळं गाव उभं होतं. बरेच जण ते निळे टी-शर्ट घालूनच आले होते. सर्वेश कुठूनसा एक ट्रॅक्टर घेऊन आला. त्याचे डोळे सुजले होते, हातांना फडकी बांधलेली. त्याने दोराचं टोक ट्रॅक्टरच्या मागे स्वतः अडकवलं आणि ड्रायव्हरला खूण केली.

तेवढ्यात आबा पुढे आले. त्यांनी शांतपणे ती गाठ सोडली आणि ड्रायव्हरला म्हणाले, ‘जा बाबा तू. उपकार झाले.’

ट्रॅक्टर निघून गेला. सर्वेश आधी बघतच राहिला, आणि मग आपल्या गुरूवर भर किनाऱ्यावर ओरडला.

‘आबा, तुम्हाला वेड लागलंय का? ती बाई कालपासून पाण्याकडे बघत बसलीये! दहा मिनिटांत बाहेर आला असता तो!’

‘दोर धर,’ आबा म्हणाले.

‘एवढ्याशा माणसांनी येणार आहे का तो?’

‘दोर धर, सर्वेश.’

त्याने धरला. कालचीच माणसं पुन्हा दोराला लागली. दोर ताठ झाला, पण जाळं जागचं हललं नाही. आबांनी सुरूच्या झाडांकडे मान वळवून पाहिलंही नाही. कुणाला हाक नाही, कुणाला बोल नाही. ऊन चढत गेलं. धरणाऱ्यांच्या पोटऱ्या थरथरू लागल्या. बघणारे बघत राहिले. ती माणसं काही दगडाची नव्हती हो. रडत होती, हळहळत होती, एकमेकांच्या कानात ‘फार वाईट झालं’ म्हणत होती. फक्त हे आपलं काम आहे असं त्यांतल्या एकालाही वाटत नव्हतं. आणि ते वाटू नये याची व्यवस्था सर्वेशने मोठ्या प्रेमाने करून ठेवली होती.

मग जयवंती उठली. पदर कमरेला खोचला, चालत आली आणि सर्वेशच्या मागे उभी राहून तिने दोर धरला. आपल्या नवऱ्याला बाहेर काढायला ती स्वतः ओढू लागली. तिच्या तोंडून कण्हल्यासारखा आवाज येत होता.

ते मात्र कुणाला बघवेना. सर्वांत आधी हॉटेलातला आचारी गुणाजी मान खाली घालून पुढे आला. त्याच्यामागे त्याचा भाऊ. मग बायका आल्या, मग कॉलेजातली मुलं आली, मग झाडांखाली कुणीच उरलं नाही. दोन्ही दोरांना जागा पुरेना. आबांनी आवाज दिला आणि गावाने एका दमात ओढलं. खडकाने जाळं सोडलं.

रोहिदास आला. त्याचं वर्णन मी करणार नाही. ज्यांनी पाहिलं त्यांनाही ते पुन्हा आठवायचं नाही.

अंत्यसंस्कार उरकल्यावर सर्वेश आबांच्या पडवीत येऊन बसला. म्हणाला, ‘ट्रॅक्टरला हाताची जाण नसते, जाळं फाटलं असतं, म्हणून पाठवलात ना तो?’

‘तेही खरंच. पण कारण ते नव्हतं.’

‘मग?’

आबा जे बोलले ते त्यांच्या मालवणीत बोलले; मी ते तुमच्यासाठी जरा सोपं करून सांगतो.

‘ट्रॅक्टरने रोहिदास बाहेर आला असता, पण गाव झाडाखालीच राहिलं असतं. आणि पुढच्या वेळी दुसरा कुणी रोहिदास खाली राहिला असता. पोरा, तू प्रत्येकाच्या दारात जाऊन गोड शब्दांत एकच गोष्ट सांगितलीस, की तू नाही आलास तरी चालेल. घरपोच वाटा आपण कुणाला देत होतो? ज्याच्या घरातलं माणूस उरलं नाही, त्याला. तू तो सगळ्या गावाला दिलास. जिवंत माणसांना मेलेल्यांचा वाटा पाठवलास, आणि ती माणसं मेल्यासारखीच घरात बसली. मासळीच्या लोभाने माणूस वाटा घ्यायला येतो. दोर धरायला तो तेव्हाच येतो, जेव्हा आपल्यावाचून अडतं हे त्याला दिसतं. आज मी काही केलं नाही. अडलंय, एवढं फक्त त्यांना दिसू दिलं.’

सर्वेशने विचारलं, ‘काल एवढे हात असते तर रोहिदास वाचला असता?’

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, त्याचं नशीब. आबा तसं म्हणाले नाहीत.

‘वाचला असता.’

सर्वेशने तोंड झाकून घेतलं.

‘हे ओझं मी तुझ्या डोक्यावरून उतरवणार नाही,’ आबा म्हणाले. ‘पण एकट्याच्या डोक्यावरही ठेवणार नाही. मला त्या सभेतच कळलं होतं. उठून सांगायला हवं होतं. भरलेला मांडव बघून मलाही बरं वाटलं, रे. म्हातारपणी माणसाला गर्दी बरी वाटते.’

सर्वेशने घरपोच वाटा बंद केला. जेवण नाही, टी-शर्ट नाही. तो एकेका घरी गेला आणि देण्याचं काहीच बोलला नाही. ‘डाव्या दोराला मागून तिसरे तुम्ही. तुमच्या जागी दुसरा उभा राहणार नाही,’ एवढंच सांगून यायचा. निम्म्याहून जास्त लोकांनी नावं काढून घेतली. काहींनी त्याला तोंडावर सुनावलं, की आधी दिलंस आणि आता काढून घेतोस. त्याने ऐकून घेतलं.

एका घरी मात्र वाटा जायलाच हवा होता. रोहिदासचं तेरावं झाल्यावर पहिल्यांदा रापण लागली, तेव्हा मासळीची पाटी घेऊन सर्वेश स्वतः जयवंतीच्या दारी गेला. तिने पाटीला हात लावला नाही. ‘माका घरात बसवू नको,’ म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ती दोराला येऊ लागली. तिला अडवण्याची कुणाची छाती झाली नाही.

पुढे एकदा जाळं पुन्हा खडकाजवळ गेलं. नवा मुलगा पाण्यात उतरायच्या तयारीत होता, आणि डाव्या दोराला एक जागा रिकामी होती. आबा त्याला उतरू देईनात. सगळं खोळंबलं. शेवटी हॉटेलातलं काम टाकून गुणाजी धापा टाकत पोहोचला. सर्वेश त्याला ‘या, या’ म्हणणार, एवढ्यात जयवंती कडाडली.

‘मेल्या, खंय होतंस? तुमची वाट बघता बघता माझो घोव गेलो! आता आणि कोणाक घालवतंस?’

गुणाजी आपल्या जागेवर उभा राहिला आणि दोर धरला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला त्याने हात सोडला नाही. त्यानंतर तो कधी उशिरा आला नाही. नवा मुलगा खाली गेला, जाळं सोडवून वर आला.

सर्वेशला तेव्हा उमगलं, की इतक्या वर्षांत न आल्याबद्दल कुणी कुणावर रागावल्याचं त्याने आज पहिल्यांदाच पाहिलं होतं.

आपल्या मंडळात, वाचनालयात, सोसायटीत सभासद किती, हे आपण सगळेच विचारतो. न आलेल्यावर जीव तोडून रागावणारं तिथे कुणी उरलं आहे का, तेवढं एकदा बघून या.