मुंज्याने नेलेली बाटली

पिंपळाखालच्या त्या दवाखान्यात भर दुपारीही अंगावर काटा यायचा. औषधांच्या कोठीला कुलूप असायचं, तरी आतल्या बाटल्या नाहीशा व्हायच्या. किल्ली कमरेला मिरवणारा टेंगशे कंपाउंडर म्हणायचा, "पिंपळावरचा मुंजा नेतो." लोक हात जोडून मुकाट परतायचे.

एकदा गिरजाक्काच्या सुनेला गवत कापताना साप चावला. दवाखान्यात आणेपर्यंत तिची जीभ जड झाली. डॉक्टरीणबाई सुई घेऊन तयार, पण टेंगशे म्हणाला, "सापावरची लस होती, ती मुंज्याने नेली."

वारा नव्हता, तरी पिंपळ सळसळला. माणसं मागे सरली. गिरजाक्का तेवढी पुढे झाली.

"कुलूप तुटलं का रे?"

"छे! त्याला कुलूप कसलं आक्का? तो फटीतून आत शिरतो."

"शिरेल बाबा, मुंजाच तो! पण बाटली काचेची. ती फटीतून कशी निघेल? ती आतच असेल, नाहीतर तुझ्या किल्लीने बाहेर गेली असेल. कोठी उघड. तिथे नसली, तर तुझी खोली बघू."

आता सगळे पिंपळाकडे नाही, टेंगशेकडे बघत होते. त्याला दरदरून घाम फुटला. तो दवाखान्यामागच्या आपल्या खोलीकडे धावला आणि आपल्या ट्रंकेतून बाटली घेऊन आला.

दिवेलागणीला सुनेने डोळे उघडले. टेंगशे पुटपुटला, "आक्का, मुंज्यानेच ठेवली असेल हो माझ्या ट्रंकेत."

"असेल की! म्हणजे तो आता तुझ्याकडेच वस्तीला आलाय. आज त्याचंही पान वाढ."

त्या रात्री टेंगशे आपल्या खोलीत झोपायला गेला नाही.