पाण्याला महाराजांचा रंग चढला

एक होतं रान, आणि रानात सगळं छान होतं, असं महाराजांचं म्हणणं होतं. महाराज रेडेराव काळेकभिन्न. दिवसभर ओढ्यात डुंबत, सगळे विधी तिथेच उरकत. प्यायला मात्र त्यांना डोंगरावरच्या झऱ्याचं पाणी लागे. प्रजेचा पाणवठा त्यांच्या खालच्या अंगाला होता.

कन्या हायस्कुलातल्या सगुणा मुंगसाच्या धाकट्या भावाचे जुलाब काही केल्या थांबेनात. सगुणा चिडली. तिनं मैत्रिणी गोळा केल्या, विज्ञानाच्या बगळेबाईंकडून औषध घातलेल्या बाटल्या आणल्या. पाणी भरून ठेवायचं. काळं पडलं तर त्यात घाण आहे, पिऊ नये. सकाळी पाहतात तो पाणवठ्याच्या साऱ्या बाटल्या काळ्याकुट्ट! महाराजांच्या वरच्या अंगाला भरलेली तेवढी एक स्वच्छ.

मुली बाटल्या घेऊन दरबारात गेल्या. सगुणा म्हणाली, “महाराजांनी पाणवठ्याच्या खाली डुंबावं. बाकी काही नको.”

प्रधान सरडेपंत तत्काळ काळे झाले. “बंधू-भगिनींनो, पाण्यानं महाराजांचा रंग घेतला! एवढं राजनिष्ठ पाणी शेजारच्या रानात आहे का? आणि ही वरची बाटली बघा. रंगच नाही! फितूर आहे, फितूर!”

स्वच्छ बाटलीला अटक झाली. काळ्या बाटल्यांची मिरवणूक निघाली. प्रजा बेंबीच्या देठापासून ओरडली, “येऊन येऊन येणार कोण? काळ्या पाण्याशिवाय आहेच कोण!” लगोलग जलपूजनही ठरलं.

ते ऐकून सगुणाची कळी खुलली. रानाचा रिवाजच होता: जलपूजनाचं पहिलं तीर्थ यजमानानं प्यायचं. पूजा आटोपताच ती पळी घेऊन पुढे झाली. “घ्या महाराज, तीर्थ. पाणवठ्याचंच आहे.”

सरडेपंत पांढरे पडले. महाराजांनी तीर्थाकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं, आणि पाणी डोळ्यांना लावून डोक्यावर शिंपडलं.

“इतकं पवित्र पाणी आम्ही पोटात घालू? छे, छे! त्याची जागा मस्तकावर!”

प्रजेनं हात जोडले. कित्येकांना रडू कोसळलं. सगुणालाही कोसळलं, पण तिचं कारण वेगळं होतं. त्याच दिवशी फर्मान निघालं: ओढ्याचं पाणी पिणं पाप, तपासणं महापाप.

सगुणाला गुणवंत कन्या पुरस्कार मिळाला, झऱ्याच्या पाण्याची एक बाटली. तिनं ती भावाला दिली. बाटली पुरली तोवर त्याचं पोट बरं होतं.

आता रोज संध्याकाळी ओढ्याची महाआरती होते. ओरडून ओरडून भक्तांचा घसा कोरडा पडतो, म्हणून सरडेपंतांनी शेजारीच झऱ्याच्या पाण्याचं दुकान काढलं आहे.