चटईआडचा मार्गरक्षक

पूर्वी वेत्रपुरात अरिंजय राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तेथील बाजारवेशीवर मार्गरक्षक झाला. बाजाराच्या रस्त्यात बैल चालवायचे, पळवायचे नाहीत, असा तिथे नियम होता. पळवले तर गाडीचे एक चाक उतरवून दिवस मावळेपर्यंत वेशीत ठेवून घेत.

नियम चांगला होता. खोट होती ती शिपायांच्या पहिल्या प्रश्नात. गाडी अडवली की ते विचारीत, "कुणाचा रे तू?" सेनापतीचा भाचा असेल तर गाडी सुटे, आणि कुणाचाच नसेल तर चाक निघे. सोमा कुंभारणीचे चाक तर नऊ वेळा निघाले होते. चाक परत मिळेपर्यंत बाजार उठून जाई आणि तिची मडकी तशीच घरी येत.

बोधिसत्त्वाने आल्या दिवशीच वेशीत एक चटई आडवी टांगली आणि तो तिच्यामागे बसला. त्याला दिसत काहीच नसे, बैलांच्या घुंगुरमाळा तेवढ्या ऐकू येत. चालत्या बैलाचे घुंगूर वेगळे वाजतात, पळत्याचे वेगळे. पळते ऐकू आले की तो म्हणे, "थांबा. शिंग कसं आहे?" शिंग कोरे असले तर ती पहिली चूक. मग समज देऊन शिंगाला निळा दोरा बांधायचा आणि गाडी सोडायची. दोरा आधीच असला तर चाक उतरवायचे. सोमाला पहिल्याच दिवशी दोरा मिळाला. तो बांधून घेताना ती रडली, कारण वेशीत कुणी तिला माफ करण्याची ही पहिलीच वेळ होती.

त्याच दिवशी राजाचा मेहुणा दप्पक यालाही दोरा मिळाला. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा बैल पळवले आणि त्याचे चाक निघाले. तो तणतणत राजाकडे गेला. "दाजी, त्या माणसाला काढा! माझ्या बैलाला कुंभारणीच्या बैलासारखा दोरा बांधतो!"

"उद्या बघून ठरवतो," राजा म्हणाला. ही बातमी बाजारात पसरली. सोमाने हातातली भाकरी तशीच खाली ठेवली. हा माणूस गेला तर पुन्हा तेच 'कुणाचा' सुरू होणार होते.

सकाळी राजा स्वतः छकडा हाकीत वेशीतून भरधाव निघाला. चटईआडून आवाज आला, "थांबा. शिंग कसं आहे?"

"को... कोरं," शिपाई पुटपुटला.

"कसली घाई होती, बाबा?"

"खरं सांगायचं तर कसलीच नव्हती," राजा म्हणाला.

"मग आता सावकाश जा. दोरा बांधा रे."

राजा उतरला आणि त्याने चटई बाजूला सारली. "मला ओळखलं नाहीस?"

बोधिसत्त्व उठून हात जोडून म्हणाला, "घुंगरांवरूनच ओळखलं, महाराज. पण चेहरा समोर दिसला की माझंही मन विरघळतं. म्हणून तर ही चटई."

राजा खूश झाला. "तुला इथून कोण हलवतो ते बघतोच!" म्हणत तो निघाला. परतताना मात्र बैलांना गोठ्याची ओढ लागली, राजाही आपल्याच आनंदात होता, आणि घुंगूर पुन्हा पळू लागले.

"थांबा. शिंग कसं आहे?"

यावेळी शिपायाचा आवाज खणखणीत होता. "दोरा आहे!"

राजाने स्वतःच्या हाताने खीळ उपसली आणि चाक घरंगळत वेशीत नेऊन ठेवले. मागून सोमाची गाडी आली. "मडक्यांत बसाल का, महाराज? पण उशीर होईल हं. मला एकदा दोरा मिळालाय."

राजा दोन रांजणांच्या मधे अंग चोरून बसला, आणि बैल पावलापावलाने राजवाड्याकडे निघाले.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तो राजा म्हणजे आज आनंद. सोमा म्हणजे भिक्षुणी उत्पलवर्णा. दप्पक म्हणजे आज भोजनाच्या रांगेत मधे घुसलेला आणि मागे पाठवल्यावर 'मी कोण ते ठाऊक आहे का?' म्हणालेला हा भिक्षू. मार्गरक्षक मीच होतो. या गुणाला उपेक्षा म्हणतात. उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष नव्हे. आपल्या माणसाला माफी देताना जो हात सैल सुटतो, तोच परक्यासाठीही सैल सोडणे, ही उपेक्षा."

तो भिक्षू लाजला, हसला आणि भिक्षापात्र घेऊन रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.