मुजऱ्याला न वाकलेली पाठ

ही गोष्ट मला नीट आठवते की नाही, याची शंकाच आहे. गड कोणता, ते तर मुळीच सांगता येणार नाही. पण त्या गडावर एक राजा होता आणि त्याला समोरच्याची वाकलेली पाठ फार आवडे, एवढे नक्की.

त्याच्या दरबारात त्र्यंबकपंत नावाचे कारकून होते. उभे आयुष्य गुडघ्यावर कागद धरून, मान खाली घालून लिहिण्यात गेलेले. आता ते उभे राहिले तरी वाकलेलेच दिसत. राजाने त्यांना शाल दिली. म्हणाला, "याला म्हणतात नम्रता!"

चिमाक्का पायथ्याच्या विहिरीवरून डोक्यावर हंडे घेऊन गडावर पाणी आणी. ओझ्याने तिची पाठ लाकडासारखी ताठरली होती. दसऱ्याला गडावरच्या सगळ्यांनी राजाला मुजरा करायचा, अशी रीत होती. चिमाक्काने हात कपाळाला लावला, पण ती वाकली नाही.

राजा भडकला. "एवढा ताठा? वाक, नाहीतर आजच्या आज झोपडी सोडून गड उतर!"

दोन शिपायांनी तिचे खांदे दाबले. ती कळवळली, पण पाठ हलली नाही. एक शिपाई पुटपुटला, "आक्के, कशाला हट्ट करतेस? थोडं तरी वाक की!"

"पाठीला सांग, बाबा," ती म्हणाली. "तिनंच या गडाला पाणी पाजलं. आता ती माझंसुद्धा ऐकत नाही. आणि ऐकलं असतं, तरी आता वाकले नसते!"

तेव्हा त्र्यंबकपंतांनी अंगावरची शाल काढून सिंहासनाच्या पायरीवर ठेवली.

"महाराज, ही परत घ्या. मी नम्र नाही, लिहून लिहून मोडलो आहे. कित्येक वर्षांत आपलं तोंडही पाहिलेलं नाही. आपल्याला ओळखतो ते जोड्यांवरून."

दरबारात खसखस पिकली. राजा संतापून ताडकन उठायला गेला. पण दिवसभर लोडाला टेकून बसण्यापलीकडे त्याच्या पाठीला काही ठाऊकच नव्हते. कमरेत उसण भरली आणि राजा अर्धवट वाकून तसाच अडकला, नेमका चिमाक्कासमोर.

"राहू द्या, महाराज," ती म्हणाली. "माझ्यासारखीला एवढा मुजरा कशाला?"

आता शिपाईही हसले. कंबर धरून, कण्हत, राजाने हुकूम मागे घेतला.

ही गोष्ट ऐकल्यावर बऱ्याच वर्षांनी मी हाडांच्या एका डॉक्टरांना विचारून खात्री करून घेतली: वाकून लिहिणाऱ्याची पाठ दुखते, ओझे वाहणाऱ्याची दुखते आणि नुसते बसून राहणाऱ्याचीही दुखते.

तात्पर्य: पाठ कामाने वाकते आणि कामानेच ताठरते. तिच्यावरून कोणाची नम्रता मोजू नका. आणि जो मोजतो, त्याच्यापुढे वाकू नका.