बिनशेपटीच्या पालीचा कोट

एक होती पाल. एवढीश्शी. तिचं नाव चिटुकली. ती राहायची शालनकाकूच्या भिंतीवर, शिलाई मशीनच्या बरोब्बर वर.

एकदा खिडकी आपटली. धाड! चिटुकलीची शेपटी तुटली. तिथे गार वारा लागला. हुडहुड हुडहुड!

पाल गेली काकूकडे. सरसर सरसर!
"काकू, काकू, कोट शिव ना. माझी थंडी जाईना!"
काकू म्हणाली, "कोट? अगं, मी अभ्रे शिवते. परकर शिवते. कोट कधी शिवलाच नाही. पण बघू. कात्री कापेल, तर मी शिवीन."

पाल गेली कात्रीकडे. सरसर सरसर!
"कात्री, कात्री, काप ना. काकू शिवेना, माझी थंडी जाईना!"
कात्री म्हणाली, "कचकच! चुरगळलेलं कापड मी नाही कापत. इस्त्री फिरेल, तर मी कापीन."

पाल गेली इस्त्रीकडे. सरसर सरसर!
"इस्त्री, इस्त्री, फिर ना. कात्री कापेना, काकू शिवेना, माझी थंडी जाईना!"
इस्त्री म्हणाली, "चर्र चर्र! नवं कापड पाण्यात आटतं. मग कोट तोकडा होतो. कापड आधी भिजेल, तर मी फिरेन."

पाल गेली कापडाकडे. सरसर सरसर!
"कापडा, कापडा, भिज ना. इस्त्री फिरेना, कात्री कापेना, काकू शिवेना, माझी थंडी जाईना!"
कापड म्हणालं, "फडफड! पाणी कुठाय? बादली भरेल, तर मी भिजेन."

पाल गेली बादलीकडे. सरसर सरसर!
"बादली, बादली, भर ना. कापड भिजेना, इस्त्री फिरेना, कात्री कापेना, काकू शिवेना, माझी थंडी जाईना!"
बादली म्हणाली, "खडखड! मी पालथी. माझ्यावर काका बसलेत. काका उठतील, तर मी भरेन."

काका पेपर वाचत होते.
"काका, काका, उठा ना. बादली भरेना, कापड भिजेना, इस्त्री फिरेना, कात्री कापेना, काकू शिवेना, माझी थंडी जाईना!"
"हं," काका म्हणाले. पान उलटलं. उठले नाहीत.

पाल छतावर चढली. आता मोठ्ठ्याने ओरडणार होती. पण शेपटी नाही, तोल कसा राहणार? पडली. पुटुक! काकांच्या टकलावर.
"अरे देवा! अंगावर पाल पडली! अंघोळ! अंघोळ!"

काका उठले. बादली सुलटी झाली. नळ सुटला. भळभळ भळभळ! बादली भरली.
कापडाने उडी मारली. छपाक!
"अगं, माझं अंघोळीचं पाणी!" काका म्हणाले. कोणी ऐकलं नाही.

कापड भिजलं, वाळलं. इस्त्री फिरली. कात्रीने कापलं. काकूने कच्चे टाके घातले.
"घालून बघ गं."
गळ्यात ढगळ. उसवलं. पुन्हा टाके.
"घालून बघ गं."
पोटाशी घट्ट. उसवलं. पुन्हा टाके.
"घालून बघ गं."
बसला! मग मशीन चाललं. खडखड खडखड! आत अस्तर. पुढे तिळाएवढं बटण.

पालीने मागे वळून पाहिलं. मागे एक लांब बाही. रिकामी. लुळी.
"काकू, चुकलीस! मला शेपटी कुठाय?"
काकूने दाताने दोरा तोडला. "येईल ना गं. तिची जागा ठेवलीय."
पालीला फार फार बरं वाटलं. थंडी गेली.

मग दिवस गेले. एका सकाळी त्या बाहीत काहीतरी हललं. वळवळ वळवळ! बाहीतून एक टोक बाहेर आलं.
"चुकचुक! काकू, आली!"
काकूने वर पाहिलं. "बघू? वळ. हं. बरोब्बर बसला."